पिंगुळीचा परत आलेला डबा

१

"ह्यो डबो माझो नाय."

परशुराम एवढंच म्हणाले आणि चुकून दुसऱ्याचं पोर कडेवर घेतलं गेल्यासारखा तो डबा त्यांनी लगबगीने टेबलावर ठेवून दिला. खोलीतली चिकटपट्टीची करकर थांबली. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

मी विमला. जन्मभर प्राथमिक शाळेत पोरांचे कान धरले, आता निवृत्त होऊन सुनेच्या केंद्रात खुर्ची धरून बसते. सून म्हणते, "आई, तुम्ही नुसत्या बसा." मग मी नुसती बसून सगळं बघते.

केंद्राचं नाव 'माघारी'. कुडाळात रिक्षास्टँडच्या मागे आहे. आमच्या जिल्ह्यातली माणसं हल्ली घरबसल्या मोबाईलवरून देशभर माल विकतात. कोणी काजू, कोणी कोकम, कोणी लाकडी खेळणी. गिऱ्हाईक म्हटलं की काही ना काही परत येतंच. ते परतीचं सगळं टपाल चारुताच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या पत्त्यावर येतं. ती खोकं उघडते, माल पारखते आणि चूक कोणाची ते ठरवते: करणाऱ्याची, विकणाऱ्याची, वाटेतली की गिऱ्हाइकाची. तिने ठरवलं की वाद संपला. नागपूरचं गिऱ्हाईकही मानतं आणि नेरूरचा काजूवालाही. माझ्या सुनेच्या शब्दाला ही किंमत आहे आणि तिचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही, लपवायचं कारणही नाही.

तिचा एक शिरस्ता आहे. हाताने केलेली वस्तू परत आली, तर खोकं करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत उघडायचं. म्हणून आज पिंगुळीहून परशुरामांना बोलावलं होतं. ते जुन्या वळणाचे चित्रकथीकार. पूर्वी कागदावर रामायण रंगवून गावोगाव कथा सांगायचे, आता लाकडी वस्तूंवरही चित्रं काढतात. हा डबा त्यांनी सगळा उन्हाळा खपून रंगवला होता. गोल डब्यावर सेतुबंध. दगड वाहणाऱ्या वानरांची रांग डब्याभोवती फिरून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळते. विकला होता मालवणच्या सदानंदशेठांनी त्यांच्या ऑनलाइन दुकानातून, नागपूरच्या कोणा सोनल नावाच्या बाईंना. आता तो परत आला होता, आणि परशुराम म्हणत होते की तो त्यांचा नाही.

"नीट बघा, काका," चारुता म्हणाली.

"नीटच बघतंय गो. चित्र माझा, रांग माझी. हात माझो नाय. माझ्या वानराचो हात असो दगडाखाली वाकता. हयसर सरळ आसा. कोणी तरी बघून काढल्यान."

सदानंदशेठही आले होते. मोठा माणूस, पंचवीस-तीस कारागिरांचा माल विकतो. चारुताचं निम्मं काम त्यांच्याकडूनच येतं. ते ऑफिसातलं मराठी बोलतात, राग आला की मात्र घरचं सुटतं.

"याचा अर्थ अस्सल डबा कोणीतरी मारला आणि नक्कल ठेवली," ते म्हणाले. "चारुताबाई, उद्या आपल्या सगळ्या विक्रेत्यांची बैठक आहे. डबा कुठे बदलला ते मला उद्या तिथे सांगा. नाही सांगता आलं, तर मी माझा माल दुसऱ्या केंद्राकडे देईन. आणि मी गेलो की बाकीचेही येतील माझ्या मागून. चोरीचा वास आलेल्या घरात कोण आपली वस्तू ठेवील?"

चारुताची मदतनीस सृष्टी, बांद्याची चुणचुणीत मुलगी, डब्याचं झाकण उघडायला पुढे झाली. तिने आत पाहिलं, आणि झाकण तिच्या हातून सुटलं.

"देवा रे! करणी केलेली आसा!"

२

डब्याच्या तळाशी मूठभर तांदूळ होते. त्यातले काही दाणे लालभडक, कुंकू लावल्यासारखे.

आमच्याकडे करणीचं नाव निघालं की शिकलेलेही दोन पावलं मागे सरतात. सदानंदशेठ सरले. परशुराम पुटपुटू लागले. मी सरले नाही, कारण माझ्या मागे भिंत होती.

चारुता मात्र पुढे झाली. तिने डबा खिडकीशी नेला, दाणे एका ताटात ओतले आणि बोट आत घालून तळ चाचपला.

"हे काही दाणे निघत नाहीयेत," ती म्हणाली. "तळाला चिकटलेत."

तिने एक दाणा नखाने उपटला. डबा आतून गेरूच्या लाल रंगाने रंगवलेला होता. दाणा निघाला तिथे त्या रंगात तांदळाच्या आकाराची एक खळी राहिली. चारुता त्या खळीकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं हिला खरंच काही तरी लागलं.

"काका, तुम्ही डबा सदानंदशेठांकडे कधी पोचवलात?"

"मी नाय पोचवलंय. मी रत्नागिरीक गेलेलंय, कार्यक्रम होतो. थंयच बरेच दिवस रवलंय. तुळसान दिल्यान मंगेशाकडे." तुळसा म्हणजे त्यांची बायको. मंगेश टेंपोवाला. तोच कारागिरांकडून माल उचलून मालवणला सदानंदशेठांच्या दुकानात नेतो, आणि तोच कुडाळच्या टपाल कार्यालयातून परतीची खोकी आमच्याकडे आणतो.

"आणि ही रांग? डब्याच्या मागच्या बाजूची? तीही तुमच्यासारखीच आहे?"

परशुरामांनी डबा फिरवला. "सगळी. शेपटीच्या गाठीसकट."

"दुकानातल्या फोटोत फक्त पुढची बाजू दिसते ना, शेठ?"

"हो. परशुरामांनी घरून पाठवलेला एकच फोटो आहे."

"म्हणजे नक्कल करणाऱ्यासमोर फोटो नव्हता, खरा डबा होता," चारुता म्हणाली.

"मग झालं की!" शेठ म्हणाले. "खरा डबा त्या नागपूरच्या बाईंकडेच पोचला. त्यांनी कोणाकडून तरी नक्कल करून घेतली, अस्सल ठेवला आणि ही पाठवून दिली. शहरातली माणसं, काय सांगता येतंय?"

खरं सांगते, मलाही ते पटलं. चोर लांबचा असला की बरं असतं, त्याच्याशी आपल्याला सणावाराला बोलावं लागत नाही.

चारुताने परतीच्या खोक्यावरचं कारण मोठ्याने वाचलं. "'खाली कलाकाराची सही नाही. दुकानाने सही असेल असं लिहिलं होतं.'" तिने डबा उलटा केला. तळ कोरा होता.

"माझी सय असताच," परशुराम म्हणाले. "सयेशिवाय मी वस्तू घराभायर काडणय नाय."

तेवढ्यात सृष्टी ताटाशी वाकली होती. भीती गेली की त्या मुलीचे डोळे घारीचे होतात.

"ताई, ह्ये उकडे तांदूळ आसत. आमचे. जाडे, लाल. नागपुरात ह्ये कोण खाता?"

कोणी खात नाही. हा तांदूळ आमच्या भातशेतीतला, आमच्या पेजेचा. तो नागपूरहून आलेल्या खोक्यात असेल, तर खोकं इथे येऊन उघडलं गेलं होतं. आणि टपाल कार्यालय ते आमचं केंद्र एवढ्या वाटेवर ते खोकं एकाच माणसाच्या ताब्यात होतं.

दारात टेंपो येऊन थांबला. मंगेश शीळ घालत आत आला.

३

"काय झाला? कोण मेला काय?" सगळ्यांची तोंडं बघून मंगेशने विचारलं.

"मंगेश," चारुता म्हणाली, "हे खोकं तू टपालातून उचललंस ते थेट इथे आणलंस?"

"व्हय तर."

"थेट?"

मंगेशने टोपी काढली, पुन्हा घातली. शाळेत ज्या पोराने दप्तरात कैऱ्या लपवलेल्या असत, तो हेच करायचा. मी खुर्चीतूनच आवाज चढवला, "मंगेश!"

"बाई, वरडा नको," तो म्हणाला. तोही माझाच विद्यार्थी. "थेट म्हणजे, दुसऱ्या दिवशी थेट. गणपतीचे दिवस. आमच्या वाडीत डबलबारी होती. दोन बुवा, दोन भजनां, असो रंग आयलो की पाय निघाना. टेंपो देवळाकडे लायलंय आणि बसलंय. खोके आतच होते."

"कुलूप?"

"टेंपोक कुलूप खंयचा? दोरी बांधलेली."

सदानंदशेठ उसळले. "आयकलास! रातभर गावात उघडो टेंपो! आणि ह्येंच्या भरवशार आमी माल पाठवतंव!" घरचं मराठी सुटलं, म्हणजे राग खरा होता. "चारुताबाई, उद्याची वाट कशाला बघू? चोर तुमच्याच दाराशी आहे."

मंगेशच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेठ, मी आळशी आसंय, भजनयेडो आसंय. चोर नाय. बाई, तुमी सांगा. तुमी माका वळाखतास."

मी ओळखत होते. कैऱ्या चोरल्या तरी अर्ध्या मला आणून देणारा पोरगा तो. पण कैऱ्यांची साक्ष बैठकीत चालत नाही. आणि मंगेश आमचा माणूस. तो चोर ठरला तर 'माघारी' चोरांचं घर ठरणार. चारुताने शून्यातून उभं केलेलं हे काम, तिचा शब्द, सगळं त्या उघड्या टेंपोबरोबर वाहून जाणार.

चारुता शांतपणे त्या ताटातले दाणे चाळवत होती.

"मंगेशने टेंपोत खोकं उघडलं, नक्कल ठेवली, खोकं पुन्हा होतं तसं बंद केलं, असं समजू," ती म्हणाली. "मग त्याने तांदूळ कशाला घातले? आणि नक्कल करायला खरा डबा त्याच्याकडे आधी किती तरी दिवस असायला हवा होता. परतीच्या खोक्यातला डबा बघून एका भजनात नक्कल होत नाही."

"मग कोणी घातले?" शेठ म्हणाले.

"ते ज्यांना माहीत असेल त्यांनाच विचारते." तिने फोन उचलला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "कोणीही मधे बोलायचं नाही. आई, तुम्हीसुद्धा."

नागपूरला घंटी वाजू लागली.

४

सोनलबाईंचा आवाज तरुण होता, जरा वैतागलेला. "मी डबा पाठवला ना परत? काही अडचण आहे का?"

"अडचण नाही. एकच विचारायचं होतं," चारुता म्हणाली. "डबा तुमच्याकडे आला आणि तुम्ही पहिल्यांदा झाकण उघडलंत, तेव्हा आत काय होतं?"

आम्ही सगळे फोनभोवती सरकलो.

"आत? तांदूळ होते. लालसर, जाडे. मी तसा तांदूळ आधी पाहिलाच नव्हता. वाटलं, पावसाळ्यात लाकडाला ओल धरू नये म्हणून ठेवले असतील. परत पाठवताना तसेच राहू दिले. काढायला नको होते ना?"

"नाही, फार बरं केलंत. आणि डबा तुम्हाला आवडला नव्हता?"

"आवडला नव्हता कोण म्हणतं? फार आवडला. पण माझ्या बाबांना चित्रकथीचं वेड आहे, त्यांना परशुरामांच्या हातचाच डबा द्यायचा होता. सही नाही म्हटल्यावर मला फसवल्यासारखं वाटलं."

चारुताने आभार मानून फोन ठेवला.

"इथल्या तांदळाबद्दल आपण बाहेर कोणाशी बोललो नाही," ती म्हणाली. "तरी त्यांनी रंग सांगितला, जाडी सांगितली. म्हणजे त्यांच्याकडे डबा पोचला तेव्हाच तांदूळ आत होते. तोच डबा गेला आणि तोच डबा आला. नागपूरच्या बाईंनी काही बदललं नाही, मंगेशने नाही, आमच्या केंद्रात तर नाहीच. डबा बदलला तो नागपूरला निघायच्या आधी."

मंगेशने टोपीने डोळे पुसले. मी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला, प्रेमाचा.

मग खोलीत दुसराच प्रकाश पडला. निघायच्या आधी डबा कोणाकडे होता? सगळ्यांच्या नजरा सदानंदशेठांकडे वळल्या. डबा त्यांच्या दुकानात गेला होता, तिथे बांधला गेला होता.

"माझ्याकडे बघू नका!" शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी कित्याक असा करीन?"

"अस्सल डबा जास्त किमतीला विकायला," मी म्हणाले. मला बोलू नको म्हटलं होतं ते फोन चालू असेपर्यंत.

"आई, थांबा," चारुता म्हणाली. "शेठ, तुमच्या दुकानाने लिहिलं होतं की सही असेल. तुम्ही नक्कल खपवायला निघालात तर पहिली कोणती गोष्ट कराल?"

शेठ विचारात पडले. मग त्यांच्या तोंडावरचा राग उतरला. "सही करून घेईन."

"कोणीही भामटा तेच करील. चित्र थोडं कमीजास्त चालतं, सही चालत नाही. ज्याने ही शेपटीची गाठसुद्धा जशीच्या तशी काढली, त्याला एक सही जमली नसती? जमली असती. त्याने केली नाही. त्याला फसवायचं नव्हतं. दुसऱ्याचं नाव आपल्या हाताने लिहायला त्याचा हात धजला नाही."

तिने डबा परशुरामांसमोर धरला आणि तळाची ती खळी दाखवली.

"आणि हे दाणे. सुकलेल्या रंगाला तांदूळ चिकटत नाही. रंग ओला असताना ते आत पडले, म्हणून त्यांना लाली चढली, म्हणून खळी पडली. तांदूळ घातले ते रंगवणाऱ्यानेच. घाईत, पावसाळी हवेत, डबा सुकायच्या आत. का घातले असतील, आई?"

आता मात्र मला विचारलं होतं. आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं, आमच्याकडच्या कुठल्याही बाईच्या असेल.

"रिकामा डबा घराबाहेर द्यायचा नसतो," मी म्हणाले. "शेजारणीची वाटी परत करतानाही त्यात चिमूटभर साखर नाही तर चार दाणे तरी घालायचे."

"दुकानातली पोरं हे करत नाहीत. करणी करणारेही करत नाहीत. हे घरातली बाई करते. कितीही घाबरलेली असली, घाईत असली, तरी हात थांबत नाही."

परशुराम खुर्चीवर बसले.

"चला काका," चारुता हलकेच म्हणाली. "पिंगुळीला जाऊ."

५

तुळसाबाई अंगणात रंग घोटत होत्या. आम्हाला पाहिलं, चारुताच्या हातातला डबा पाहिला, आणि पाट्यावरचा वरवंटा तिथेच थांबला.

"इलो काय तो परत?" त्या म्हणाल्या. "माका वाटलाच. खोट्याक पाय नसतत, पण टपाल असता."

चारुता तुळसाबाईंजवळ पाट्याशी बसली. "काकी, खरो डबो खंय आसा?"

तुळसाबाई आत गेल्या. भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काही तरी वर काढलं. परशुरामांचा डबा. झाकणापासून तळापर्यंत सरळ तडकलेला. दगड वाहणारा एक वानर मधोमध दुभंगला होता.

"ह्ये रत्नागिरीक गेल्यार पाऊस थांबना," त्या सांगू लागल्या. "डब्याक दमट वास येवक लागलो. मी म्हटलंय, चुलीवरच्या फळयेर ठेवूया, ऊब लागात. मासे सुकतत, मिरच्यो सुकतत, डबोय सुकात. सकाळी उठान बघतंय तर असो फाटलेलो."

"माका फोन करूचो नाय?" परशुराम प्रथमच बोलले.

"कसो करू? आखो उन्हाळो तुमी त्या डब्याक लायलास. जेवणार बसलास तरी नजर तेच्यार. पयल्यांदा लांबच्या माणसान तुमचा नाव बघून काय तरी मागलेला. माका सांगूक जीव झालो नाय. त्याच सुताराचो दुसरो डबो घरात होतो. तुमच्यासारखो काढलंय. मंगेश येवन दारात हाको मारूक लागलो, सुकाक वेळ गावलो नाय. तसोच दिलंय. तुमची सय मात्र करूक हात गेलो नाय. ती तुमची."

"तुका काढूक येता?"

त्यांच्या त्या प्रश्नात राग नव्हता. म्हणूनच तो प्रश्न मला जास्त लागला. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून तुळसाबाईंनी त्यांचे रंग घोटले, ब्रश धुतले, कागद ताणले. त्या हातांना काय काय येतं, हे त्यांच्या नवऱ्याला आज, डबा टपालाने परत आल्यावर कळत होतं.

"बघून बघून येता," त्या म्हणाल्या.

परशुरामांनी दोन्ही डबे उचलले. एक काखेत, एक हातात. आणि मागे न बघता पायवाटेने निघून गेले. तुळसाबाईंनी हाक मारली, ते वळले नाहीत.

परतताना टेंपोत मी चारुताला म्हणाले, "उद्या बैठकीत काय सांगशील? हिचं नाव घेतलंस तर सगळ्या जिल्ह्यात या बाईची नाचक्की. नाही घेतलंस तर तुझी."

"डबा आमच्याकडे बदलला नाही, एवढं सांगेन," ती म्हणाली. "बाकीचं सांगायचा हक्क माझा नाही."

"आणि शेठ नाही ऐकले तर?"

माझी सून खोटं बोलत नाही, आणि दुसऱ्याची अब्रू आपल्या कामासाठी वापरत नाही. आता या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळायच्या म्हणजे काम सुटणार, हे तिलाही दिसत होतं आणि मलाही.

६

बैठकीला सभागृह भरलं होतं. काजूवाले, कोकमवाल्या, खेळणीवाले, लोणचीवाल्या बाया. आदल्या दिवसाची बातमी सगळ्यांना आधीच पोचली होती. आमच्याकडे बातमीला पोस्ट लागत नाही.

चारुता उभी राहिली. "जो डबा नागपूरला गेला, तोच परत आला. वाटेत बदलला नाही, माझ्या केंद्रात बदलला नाही. बाईंची तक्रार खरी आहे, त्यांचे पैसे परत मिळाले पाहिजेत. हा माझा निर्णय."

"मग परशुराम तो माझा नाही का म्हणतात?" मागून कोणी तरी ओरडलं.

शेठ उभे राहिले. पिंगुळीला ते आले नव्हते; अंदाज असला तरी तिथे काय झालं ते त्यांना नक्की माहीत नव्हतं. "चारुताबाई, तुमचा तर्क काल मी ऐकला. मान्य. पण अर्धाच आहे. रंगवला कोणी? नाव सांगा. नाव नसेल तर लोक म्हणतील, तुम्ही कोणाला तरी पाठीशी घालताय. उद्या आमच्याही मालाचं असंच होईल."

"मी नाव सांगणार नाही."

कुजबुज वाढली. पुढच्या रांगेतले दोघं उठले. माझ्या शेजारची लोणचीवाली पिशवी आवरू लागली. मी चारुताकडे बघत होते. तिची मान ताठ होती. मला वाटलं, सगळं गेलं तरी चालेल, पण ही मान अशीच राहू दे.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "नाव मी सांगतंय."

परशुराम होते. अंगात कार्यक्रमाचा सदरा, डोक्याला फेटा, कथा सांगायला निघावं तसे. मागे तुळसाबाई, पदर तोंडाशी. परशुरामांनी दोन्ही डबे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि सभेकडे वळले.

"ह्यो फाटलेलो माझो. ह्यो दुसरो माझो नाय. काल मी ता रागान सांगलंय. आज मान वर करून सांगतंय, ह्यो माझो नाय, तुळसाचो आसा. माझ्या बायलेचो. काल सांजेपासून दोन्ही शेजारी ठेवन बघतंय. माझो वानर दगड उचलता तेवा कथेतलो वानर दिसता. हिचो वानर हात सरळ धरता. माका वाटला चुकलो. मगे ध्यानात इला. पाण्याची घागर उचलणारी बाय हात असोच धरता. दगड खरो जड कोणाचो दिसता, तुमीच बघा."

सगळे उठून टेबलाभोवती आले. उठून गेलेले दोघंही परत आले. मग एक म्हातारा खेळणीवाला, आयुष्यभर लाकूड रंगवलेला माणूस, दुसऱ्या डब्यावर बोट ठेवून म्हणाला, "हिचो."

परशुराम हसले. असे हसले की जणू त्यांच्याच डब्याला शाबासकी मिळाली. "व्हय ना? माकाय तसाच वाटला."

शेठांनी दोन्ही डबे हातात घेऊन पारखले. मग चारुतासमोर आले. "तुम्ही कालच नाव फोडलं असतं तर रात्रीत सगळ्यांना कळलं असतं, आणि ही बाई आज इथे ताठ उभी राहिली नसती. माझा माल तुमच्याकडेच राहील. आणि मी गेलो नाही म्हणजे," त्यांनी सभेकडे बघितलं, "बाकीचेही जात नाहीत."

लोणचीवालीने पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि मला कोपराने ढोसून चारुताकडे बोट केलं. "ता बोलता ता चेडू कोणाचा ओ?"

"माझी सून," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले. मागच्या रांगेलाही कळायला हवं होतं.

चारुताने तिथूनच नागपूरला फोन लावला आणि तुळसाबाईंची परवानगी घेऊन सगळं सांगितलं. सोनलबाई म्हणाल्या, "तो डबा मला परत पाठवाल? आता सही नको. किंवा त्यांचीच सही हवी."

सगळ्यांनी तुळसाबाईंकडे पाहिलं. शेठांनी मान डोलावली, करा सही म्हणून. परशुरामांनी तर खिशातून पेनच काढलं.

तुळसाबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला. चारुताच्या हातातला फोन त्यांनी जवळ ओढला आणि थेट नागपूरला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"तो नको गो बाय. तो मी ह्येंच्यासारखो करूक बघलंय. तुझ्या बापाशीक माझ्यासारखो करून दितंय."

"खूप दिवस लागतील का?" पलीकडून विचारणा झाली.

"लागले तर लागांदेत," तुळसाबाई म्हणाल्या. "आता माझा नाव जातला त्येच्यार."